झाडांची संस्था, वर्गणी २५ फळं: शेकडो वर्षांचे ‘लाइव्ह ओक’ मोजतात कसे आणि पाहायचे कसे?

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात ‘लाइव्ह ओक सोसायटी’ नावाची एक संस्था आहे. तिचे सदस्य माणसं नाहीत, झाडं आहेत. प्रत्येक सदस्याला नाव आहे, नोंदवहीत जागा आहे आणि वर्गणीही ठरलेली आहे: वर्षाला ओकची २५ फळं. संस्थेत माणूस एकच, तो म्हणजे नोंदी ठेवणारा अध्यक्ष. बुंध्याला चुना फासलेला चालणार नाही, असाही तिचा एक जुना नियम आहे. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले पाहत लहानाचे मोठे झालेल्या आपल्याला हा नियम जरा बोचेलच.

हा सगळा प्रकार गमतीचा वाटतो. पण ९० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या या गमतीमुळे हजारो जुन्या झाडांची नावानिशी नोंद झाली. या संस्थेत प्रवेश मिळवायला झाडाच्या वयाचा दाखला लागत नाही, बुंध्याचा घेर लागतो. असं का? झाडाचं वय सांगणं इतकं अवघड असतं का? आणि मग ‘हे झाड हजार वर्षांचं आहे’ असे जे फोटो फिरतात, त्यांचं काय?

लाइव्ह ओक म्हणजे नक्की काय?

मराठी माणसाला ‘ओक’ म्हटलं की आधी आडनाव आठवतं, कारण ओकची झाडं सह्याद्रीत आढळत नाहीत. भारतात ती हिमालयात दिसतात. उत्तराखंडातला ‘बांज’ हा त्यातलाच एक.

लाइव्ह ओकचं शास्त्रीय नाव ‘क्वेर्कस व्हर्जिनियाना’. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर व्हर्जिनियापासून फ्लोरिडापर्यंत आणि तिथून मेक्सिकोच्या आखाताच्या कडेने लुइझियाना, टेक्सासपर्यंत हे झाड वाढतं. अमेरिकेतले बहुतेक ओक हिवाळ्यात निष्पर्ण होतात, हा मात्र हिरवा राहतो. वसंतात नवी पालवी येते, त्याच सुमारास जुनी पानं गळतात. ऐन थंडीतही जिवंत दिसतो, म्हणून नाव ‘लाइव्ह’.

याची दुसरी खूण म्हणजे बांधा. हे झाड उंच जाण्यापेक्षा आडवं पसरतं. मोकळ्या जागेत वाढलेल्या झाडाचा पसारा उंचीच्या दुप्पटही असू शकतो. जाडजूड फांद्या बुंध्यापासून निघून खाली वाकतात, काही जमिनीला टेकतात आणि पुन्हा वर उठतात. पारंब्या नसलेला वड, अशी कल्पना केली तर चित्र बरंचसं डोळ्यांसमोर येईल.

फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटांना ‘स्पॅनिश मॉस’ म्हणतात. ती ना स्पेनची, ना शेवाळ. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. आपल्याकडची आमरी जशी झाडावर नुसती बसते, तशीच ही. बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाही. फांद्यांच्या पाठीवर एक नेचाही वाढतो. कोरड्या दिवसांत तो तपकिरी होऊन आक्रसतो, मेल्यासारखा दिसतो आणि पाऊस पडला की काही तासांत हिरवागार होतो. त्याला ‘पुनरुत्थान नेचा’ असंच नाव पडलं आहे.

आधी मोजलं ते तोडण्यासाठी

जुन्या ओकचं मोजमाप आज कौतुकाने केलं जातं. पण एकेकाळी या झाडांवर नजर होती ती जहाजं बांधणाऱ्यांची.

लाइव्ह ओकचं लाकूड अमेरिकेतल्या सर्वांत जड आणि टणक लाकडांपैकी एक आहे. त्याच्या फांद्या मुळातच वाकड्या असल्यामुळे जहाजाच्या बरगड्या आणि कोनातले जोड त्यातून अखंड कापता येत. १७९७ मध्ये बॉस्टनला पाण्यात उतरलेल्या ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेच्या सांगाड्यासाठी जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचे लाइव्ह ओक तोडले गेले. १८१२ च्या लढाईत ब्रिटिशांचे तोफगोळे तिच्यावर आदळून परत फिरले, असं सांगतात. त्यावरूनच तिला ‘ओल्ड आयर्नसाइड्स’, म्हणजे लोखंडी कुशींची, हे नाव मिळालं. ती नौका आजही बॉस्टनमध्ये पाण्यावर आहे.

हे लाकूड इतकं मोलाचं झालं, की १८२८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांच्या काळात फ्लोरिडात पेन्साकोलाजवळ नौदलासाठी लाइव्ह ओकचं राखीव रान ठेवण्यात आलं. पुढे जहाजं लोखंडाची झाली, मागणी ओसरली आणि उरलेली झाडं वाचली. ते राखीव रान आज राष्ट्रीय सागरकिनारा उद्यानाचा भाग आहे. तिथे फिरायला जाता येतं.

झाडांना सदस्य करून घेणारा प्राध्यापक

१९३४ मध्ये एडविन लुईस स्टीफन्स यांनी लाइव्ह ओक सोसायटीची कल्पना मांडली. लुइझियानातल्या लाफायेत इथल्या महाविद्यालयाचे ते पहिले अध्यक्ष होते. त्याच संस्थेचं आज विद्यापीठ झालं आहे. जुनी झाडं शोधावीत, त्यांना नावं द्यावीत, नोंद करावी आणि मालकांना त्यांचा अभिमान वाटावा, एवढाच हेतू होता. सुरुवात काही डझन झाडांनी झाली. आज वेगवेगळ्या राज्यांतली हजारो झाडं नोंदवहीत आहेत.

प्रवेशाचा नियम सोपा आहे. बुंध्याचा घेर किमान ८ फूट असेल तर सदस्यत्व मिळतं. घेर १६ फूट किंवा त्याहून जास्त असेल, तर झाड ‘शतायुषी’ गटात जातं. म्हणजे वयाचा अंदाजसुद्धा घेरावरूनच लावला जातो.

संस्थेचा पहिला ‘अध्यक्ष वृक्ष’ होता टाफ्ट गावाजवळचा लॉक ब्रो ओक. त्याचा घेर सुमारे ३५ फूट होता. मिसिसिपी नदीकाठच्या त्या पट्ट्यात पुढे रासायनिक कारखाने आले. हवा आणि भूजल दूषित झालं आणि १९६८ मध्ये ते झाड मेलं. वादळं आणि पूर सोसून उभं राहिलेलं झाड प्रदूषणापुढे टिकलं नाही. अध्यक्षपदानेही ते वाचलं नाही. पण नोंद होती, म्हणून नेमकं काय आणि कधी गमावलं हे सांगता तरी येतं.

त्यानंतर अध्यक्षपद गेलं मँडेव्हिल शहराजवळच्या ‘सेव्हन सिस्टर्स ओक’कडे. त्याचा घेर ३८ फुटांहून जास्त आहे. बुंध्यातून इतक्या जाड फांद्या निघतात, की हे एक झाड की एकमेकांना चिकटलेली अनेक, असा वाद बरीच वर्षं चालला. अखेर १९७६ मध्ये सरकारी वनतज्ज्ञांनी तपासणी करून ते एकच झाड असल्याचं सांगितलं. २००५ चं कॅटरिना वादळ त्याच भागातून गेलं, त्यातूनही ते वाचलं.

घेर कसा मोजतात?

अमेरिकेत १९४० मध्ये ‘अमेरिकन फॉरेस्ट्स’ या संस्थेने प्रत्येक जातीतल्या सर्वांत मोठ्या झाडाला ‘चॅम्पियन’ ठरवण्याची प्रथा सुरू केली. त्यासाठी तीन मापं घेतात.

घेर: जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, बुंध्याभोवती टेप फिरवतात. टेप बुंध्याच्या अक्षाला काटकोनात हवा, वेलींखालून गेलेला हवा आणि कुठे पिळलेला नको.

उंची: पायथ्यापासून सर्वांत उंच शेंड्यापर्यंतचं उभं अंतर.

पसारा: फांद्यांची टोकं जिथपर्यंत जातात तिथे जमिनीवर खुणा करतात. सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद बाजू मोजून सरासरी काढतात.

मग गुणांचं सूत्र असं: घेर इंचांमध्ये, अधिक उंची फुटांमध्ये, अधिक सरासरी पसाऱ्याचा पाव हिस्सा फुटांमध्ये.

टेक्सासच्या गूज आयलंड स्टेट पार्कमधल्या ‘बिग ट्री’चं उदाहरण घेऊ. त्याचा घेर ३५ फुटांच्या थोडा वर, म्हणजे सुमारे ४२२ इंच आहे. उंची ४४ फूट, पसारा ८९ फूट. ४२२ अधिक ४४ अधिक २२, असे झाले ४८८ गुण. यातले ४२२ गुण एकट्या घेराचे आहेत. चार मजली इमारतीएवढंही धड उंच नसलेलं हे झाड मोठमोठ्या झाडांच्या यादीत येतं ते यामुळेच. बुटक्या आणि रुंद लाइव्ह ओकला हे सूत्र फायद्याचं ठरतं.

पण घेर मोजण्यातच सर्वांत जास्त घोळ होतो. लाइव्ह ओकची फांदी बऱ्याचदा चार फुटांच्या आतच फुटते. तिथे टेप लावला तर बुंध्याचं नाही, फांद्यांच्या बेचक्याचं माप येतं आणि आकडा फुगतो. अशा वेळी बेचक्याखाली जिथे बुंधा सर्वांत बारीक असेल, तिथे मोजतात आणि कोणत्या उंचीवर मोजलं हे लिहून ठेवतात. उंची न लिहिलेला घेर पुढच्या माणसाला काहीच कामाचा नसतो.

दुसरा प्रश्न जोडझाडांचा. शेजारी उगवलेली दोन रोपं वाढता वाढता एकमेकांत मिसळू शकतात. दोघांचा मिळून ३० फुटांचा घेर भरला, तरी ते एका झाडाचं माप नसतं. जाणकार इथे एक सोपी कसोटी लावतात. प्रत्येक खोडाच्या मध्यातून खाली एक काल्पनिक रेषा ओढायची. त्या रेषा जमिनीच्या वर एकत्र आल्या तर झाड एक. जमिनीखाली जाईपर्यंत वेगळ्याच राहिल्या तर झाडं अनेक. दोन खोडांमध्ये जमिनीपर्यंत गेलेली शिवण दिसली, तरी संशय घ्यायला हवा.

उंचीचं गणित कुठे चुकतं?

शाळेतल्या त्रिकोणमितीत झाडाची उंची काढायला शिकवतात: बुंध्यापासूनचं अंतर गुणिले कोनाचा टॅन. नारळाच्या झाडाला हे गणित बरोबर लागू पडतं, कारण शेंडा बुंध्याच्या अगदी वर असतो. लाइव्ह ओकला ते फसतं.

समजा, एक माणूस बुंध्यापासून १०० फुटांवर उभा आहे आणि त्याला शेंडा ४५ अंशांच्या कोनात दिसतो. गणित सांगतं, शेंडा नजरेपासून १०० फूट वर आहे. पण त्याला दिसतो तो शेंडा बुंध्यापासून ३० फूट पुढे आलेल्या फांदीचा असेल तर? मग खरं अंतर ७० फूट आणि उंचीही ७० फूटच. एका झटक्यात ३० फूट हवेतले निघाले.

म्हणून आता लेझर यंत्राने शेंड्यापर्यंतचं तिरपं अंतर थेट मोजतात आणि त्याला कोनाच्या साइनने गुणतात. वरच्या उदाहरणात तिरपं अंतर ९९ फूट येईल. त्याला ४५ अंशांच्या साइनने, म्हणजे ०.७०७ ने गुणलं की उत्तर ७०. शेंडा बुंध्यावर असो की पुढे, फरक पडत नाही. अमेरिकेतल्या ‘नेटिव्ह ट्री सोसायटी’च्या मोजणी करणाऱ्यांनी ही पद्धत लावून धरली आणि तिच्यामुळे कित्येक झाडांच्या फुगलेल्या उंच्या खाली आल्या.

मग वय का सांगता येत नाही?

झाडाचं वय म्हटलं की वर्षाला एक याप्रमाणे वलयं मोजायची, असं आपण शिकलेलो असतो. जिवंत झाडाच्या बाबतीत पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढा बारीक नमुना काढून हे करता येतं. लाइव्ह ओकच्या बाबतीत तीन अडचणी येतात.

एक, लाकूड इतकं टणक की गिरमिट आत घालणंच कठीण. दोन, बऱ्याच ओकच्या लाकडात वलयं ठसठशीत दिसतात, तशी लाइव्ह ओकमध्ये दिसत नाहीत, पुसट असतात. तीन, खूप जुनं झाड बहुधा आतून पोकळ असतं. सर्वांत जुनी वलयं मध्यभागी असतात आणि नेमका तोच भाग कुजून गेलेला असतो. जन्मदाखल्याचं पहिलं पानच फाटावं, तसं होतं.

घेरावरून अंदाज करावा, तर वाढीचा वेग जागेप्रमाणे बदलतो. मोकळ्या, ओलसर आणि सुपीक जमिनीवरचा लाइव्ह ओक तरुणपणी भराभर जाड होतो. समुद्रकाठच्या रेतीत, खाऱ्या वाऱ्यात वाढणारा सावकाश वाढतो. सारख्याच घेराच्या दोन झाडांमध्ये शंभर-दोनशे वर्षांचं अंतर असू शकतं.

दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनजवळचा ‘एंजल ओक’ हे याचं ठळक उदाहरण. त्याच्या वयाचे अंदाज ३०० ते ४०० वर्षांपासून थेट १,५०० वर्षांपर्यंत सांगितले जातात. फोटोंखाली अर्थातच मोठा आकडा लिहिला जातो. मोजलेली गोष्ट वेगळी आहे: त्याची सावली १७,००० चौरस फुटांहून जास्त जागेवर पडते. म्हणजे जवळपास १६ गुंठे. एवढी खरी गोष्ट हाताशी असताना वय फुगवायची गरज पडू नये.

दंतकथेचा एक मजेशीर पुरावा फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये आहे. तिथल्या मोठ्या लाइव्ह ओकला ‘ट्रीटी ओक’, म्हणजे तहाचा ओक म्हणतात. स्थानिक आदिवासी आणि गोरे वसाहतवाले यांच्यात त्याखाली तह झाला, अशी गोष्ट सांगितली जायची. तह कधी झालाच नव्हता. १९३० च्या दशकात झाड बांधकामाच्या वाटेत येत होतं, तेव्हा ते वाचावं म्हणून एका पत्रकाराने ही गोष्ट रचली. झाड वाचलं. आज ते सार्वजनिक उद्यानात उभं आहे. खोट्या गोष्टीने झाड वाचलं हे खरं, पण मोठेपणा पटवण्यासाठी तह शोधावा लागला, यात झाडापेक्षा माणसांबद्दल जास्त कळतं.

या सावलीत कोण उभं होतं?

जुन्या लाइव्ह ओकच्या वाटा अनेकदा गुलामगिरीच्या इतिहासात जातात. लुइझियानातल्या व्हॅशरी इथल्या ‘ओक अॅली’मध्ये २८ लाइव्ह ओक दोन रांगांत उभे आहेत. मधून जाणारी वाट एका खांबांच्या हवेलीकडे जाते. हा फोटो बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. झाडं अठराव्या शतकातली मानली जातात. हवेली १८३० च्या दशकात उभी राहिली. हा उसाचा मळा होता आणि हवेली बांधणारे, ऊस तोडणारे हात गुलामांचे होते. आज तिथे गुलामांच्या खोपट्यांची पुनर्बांधणी करून त्यांची माहिती दिलेली आहे. फक्त झाडांच्या कमानीचा फोटो घेऊन परत फिरणाऱ्याला निम्मीच जागा दिसते.

व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारातला ‘इमॅन्सिपेशन ओक’ दुसरी बाजू सांगतो. अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीतून पळालेली कुटुंबं जवळच्या मन्रो किल्ल्याच्या आसऱ्याला आली. कृष्णवर्णीयांना शिकवणं तिथल्या कायद्याने गुन्हा होता. मेरी पीक या स्वतंत्र कृष्णवर्णीय शिक्षिकेने १८६१ मध्ये या झाडाखाली मुलांना शिकवलं. गुलामगिरीतून मुक्तीची लिंकन यांची घोषणा १८६३ मध्ये याच झाडाखाली वाचून दाखवण्यात आली. झाडाचा पसारा ९८ फूट आहे. या गोष्टीला दंतकथेचा टेकू लागत नाही.

पाहायला जायचं असेल तर

ह्यूस्टन, ऑस्टिन, अटलांटा या भागांत मुला-मुलींकडे किंवा नातेवाइकांकडे जाणारे मराठी लोक आता कमी नाहीत. त्यांना ही झाडं फार आडवाटेची नाहीत. एंजल ओक चार्ल्सटन शहराच्या मालकीच्या उद्यानात आहे आणि तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. न्यू ऑर्लिन्सच्या सिटी पार्कमध्ये जुन्या लाइव्ह ओकचं मोठं वन आहे. बिग ट्री टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ आहे. २०१७ च्या हार्वी वादळात तिथली कित्येक लहान झाडं पडली, ते मात्र उभं राहिलं. सेव्हन सिस्टर्स ओक खासगी जागेत आहे, त्यामुळे परवानगीशिवाय आत जाणं योग्य नाही.

भेट देताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसत नाही, ती जमिनीखाली असते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या टोकांच्याही पलीकडे जातात. एका माणसाच्या पावलाने काही होत नाही. पण रोज शेकडो पावलं पडली की माती दबून घट्ट होते. तिच्यातली हवा निघून जाते, पावसाचं पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. त्याचा परिणाम फांद्यांवर दिसायला अनेक वर्षं लागतात. म्हणून कुंपण, पालापाचोळ्याचा थर किंवा फळ्यांची वाट केलेली असते. आपल्याकडे जुन्या वडाभोवती सिमेंटचा पार ओतला जातो, तेव्हा मुळांच्या वाट्याला हेच येतं.

जमिनीला टेकलेली फांदी बसायला बोलावते. पण तिच्या पाठीवरचा नेचा आणि साल घसटीने निघते. एंजल ओकच्या काही फांद्यांना तर खांबांचा आणि तारांचा आधार दिलेला आहे. बुंध्यावर बदाम आणि नाव कोरलं, की सालीखालचा वाढणारा थर कापला जातो आणि बुरशीला वाट मिळते. खाली पडलेली ओकची फळं आठवण म्हणून खिशात घालून भारतात आणणंही टाळावं. परदेशी बियांसाठी परवाना आणि कीडरोगाची तपासणी लागते.

प्रसिद्धी झाडाला नेहमीच तारत नाही. ऑस्टिनमधल्या सुमारे ५०० वर्षांच्या मानल्या जाणाऱ्या ‘ट्रीटी ओक’च्या मुळाशी १९८९ मध्ये एका माणसाने तीव्र तणनाशक ओतलं. लोकांनी झाडाखाली ‘लवकर बरा हो’ अशी पत्रं ठेवली. उद्योगपती रॉस पेरो यांनी उपचारांचा खर्च उचलला. मुळांजवळची माती बदलली, पानांवर झऱ्याचं पाणी फवारलं. तरीही सुमारे दोन तृतीयांश झाड गेलं. गुन्हेगाराला नऊ वर्षांची शिक्षा झाली. उरलेल्या झाडाला १९९७ मध्ये पुन्हा फळं आली.

अलाबामातल्या ऑबर्न शहरातले दोन लाइव्ह ओक तेवढे नशीबवान नव्हते. २०१० मध्ये फुटबॉल सामना हरल्याच्या रागातून विरोधी संघाच्या चाहत्याने त्यांच्यावर विष घातलं. २०१३ मध्ये ती झाडं काढून टाकावी लागली.

आपल्याकडे याचा काय उपयोग?

साडेचार फुटांवरच्या घेराचं माप आपल्यालाही परकं नाही. भारतातल्या वनखात्यांतही छातीएवढी उंची म्हणजे १.३७ मीटरच धरतात.

वयाचा प्रश्न तर महाराष्ट्रात थेट कायद्यात आला आहे. शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ मधल्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’ मानलं जातं. झाड तोडलं, तर भरपाई म्हणून त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, असंही त्यात आहे. म्हणजे ४० वर्षं म्हणायचं की ६०, यावर झाडाचं संरक्षण आणि भरपाई दोन्ही ठरतात. वय सांगणं किती निसरडं असतं हे लाइव्ह ओकच्या गोष्टीतून कळतं. अशा वेळी आधीपासून घेऊन ठेवलेली घेराची मापं उपयोगी पडतात.

त्यासाठी लेझर लागत नाही. शिंप्याकडचा टेप पुरतो, तो कमी पडला तर सुतळी गुंडाळून ती मोजता येते. गल्लीतला पिंपळ असो की शाळेच्या मैदानातली चिंच, साडेचार फुटांवरचा घेर, मोजल्याची उंची, तारीख आणि जागा एवढं वहीत लिहायचं. वडाच्या पारंब्या बुंध्याला चिकटल्या असतील, तर तीही नोंद करायची. पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा टेप लावला, की त्या झाडाच्या वाढीचा त्याच्याच जमिनीतला वेग हाती येतो. झाड एखाद्या रस्त्याच्या आराखड्यात आलं, तर सुनावणीत दाखवायला हा तारखेचा कागद असतो. ‘आजोबांच्याही आधीचं आहे’ यापेक्षा तो जास्त ठामपणे बोलतो.